लांब दालनातलं वाक्य

१

व्होमारच्या गढीत मी सव्वीस वर्षं एकच गोष्ट सांगते आहे. अकरा खोल्या, पंचावन्न मिनिटं. उन्हाळ्यात दिवसाला सहा फेऱ्या, एरवी तीन, मंगळवारी बंद. एक राजा कधीतरी एका रात्रीपुरता इथे झोपला होता. आमच्या भागातल्या झाडून सगळ्या गढ्यांत तो एकेक रात्र झोपलेला आहे, तेव्हा त्यानं राज्य केलं कधी, असा प्रश्न पडतो. हा विनोद मी चौथ्या खोलीत करते. लोक हसतात, आणि तेवढ्यात मी पाचव्या खोलीची किल्ली काढते.

आमच्याकडे रीत अशी आहे की मंडळी एका खोलीत आली की मागचं दार गाइडनं कुलूप लावून बंद करायचं, आणि मगच बोलायला लागायचं. पूर्वी कुणीतरी चांदीची पळी कोटात घालून नेली होती, तेव्हापासूनचा नियम. मग मी मंडळींना ओलांडून पुढच्या दाराशी जाते, दाराला पाठ करून उभी राहते आणि जीभ सोडून देते. सोडूनच देते म्हणायचं. जीभ नक्षीदार छताबद्दल सांगत असते आणि मन घरी, रात्री लीकच्या पातीचं सूप करावं की कालच्या मसुरीवर भागवावं, याचा विचार करत असतं. याला कुणी पोपटपंची म्हणेल. म्हणू दे. रोज तेच सहा वेळा सांगून बघा म्हणजे कळेल.

हा पाठ मी ल्युसियेनबाईंकडून घेतला. माझ्या आधी एकतीस वर्षं त्या इथे गाइड होत्या. लिहून काही द्यायच्या नाहीत. महिनाभर त्यांच्या घोळक्याच्या शेपटाला उभं राहून मी ऐकलं, मग त्या शेपटाला उभ्या राहिल्या आणि मी म्हटलं. शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा हातात देताना म्हणाल्या, "सगळं म्हणायचं हं, रेजीन. कंटाळा आला तरी सगळं. एक वाक्य गाळायचं नाही." म्हातारीला आपल्या पाठाचा गर्व आहे, असं मला वाटलं होतं. या वर्षी तिकीट खिडकीवर आलेली अपोलीन माझ्याकडून तसंच शिकते आहे. तेवीस वर्षांची आहे, केस निळे आहेत, आणि पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

फाटकाजवळचं दोन खोल्यांचं घर मला नोकरीबरोबर मिळालं आहे. नोकरी गेली की घर गेलं. एरवी हे सांगितलं नसतं, पण पुढच्या सगळ्याच्या मुळाशी हीच धास्ती आहे. माझ्या आईचं डोकं साठीत गेलं. सुरुवात पावाच्या दुकानात झाली. पैसे देऊन ती पाववाल्याला म्हणाली, "आभारी आहे, डॉक्टर." बाहेर आल्यावर मी हसून तिला सांगितलं, तर माझ्याकडे बघत राहिली. "मी? मी असं म्हणालेच नाही." चार वर्षांनी ती मला ओळखेनाशी झाली.

मला येत्या नोव्हेंबरात साठ पूर्ण होणार होती.

२

सप्टेंबरच्या शेवटी फाबियेन नावाच्या बाई आल्या. चाळिशीच्या, अंगावर साधे काळे कपडे, बोटांत अंगठी नाही. खुणांच्या भाषेत दुभाषाचं काम करतात. क्लेरमाँची कर्णबधिर मंडळींची एक संस्था ऑक्टोबरात गढी बघायला येणार होती, आणि बाईंना आधी एकदा माझा पाठ ऐकून घ्यायचा होता. मला बरं वाटलं. बरेच लोक तयारी न करताच येतात.

त्या दुपारच्या फेरीला सगळ्यांच्या मागे उभ्या राहिल्या. एका छोट्या वहीत टिपणं घेत होत्या. फेरी संपल्यावर अंगणातल्या बाकावर बसून त्यांनी शंका विचारल्या. अमुक सरदाराचं नाव नीट सांगा, चुलीच्या वरच्या दगडावरचा प्राणी रानडुक्कर की अस्वल, अशा. मग वहीचं पान उलटून म्हणाल्या, "आणि लांब दालनात जाणारं कोण असतं?"

मी म्हटलं, जाणारं म्हणजे?

"सातव्या खोलीत. तुम्ही म्हणता, 'जरा भिंतीकडे सरकता का, मधली वाट मोकळी ठेवा.' मग थांबता. मी मोजलं, आठपर्यंत. मग 'आभारी आहे' म्हणून पुढे सुरू करता." त्यांनी दोन्ही हात मांडीवरून उचलले. "ऐकणाऱ्या माणसांना एवढं पुरतं. माझे हात असं मोघम बोलू शकत नाहीत, बाई. कुणीतरी जातंय हे दाखवायचं तर एक की दोन, कुठून कुठे, सावकाश की घाईत, सगळं दाखवावं लागतं. म्हणून विचारते."

"मी?" मी म्हणाले. "मी असं म्हणालेच नाही."

म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज कानांवर आला. पावाच्या दुकानाबाहेरचा. फाबियेनबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं, वहीतल्या त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि वही मिटली. चांगल्या बाई आहेत, वाद घातला नाही.

३

दोन दिवस मी नेहमीसारखी कामावर गेले. फेऱ्या केल्या. सातव्या खोलीत शिरताना ठरवायचे की आज आपलं आपण ऐकायचं. पण जीभ एकदा चालू झाली की मन कुठे जातं ते मनालाच कळत नाही, आणि भानावर यायचे ती आठव्या खोलीत, पलंगाच्या पडद्यांपाशी. एवढंच लक्षात आलं की लांब दालनात लोक भिंतीला लागून ओळीनं उभे असतात. मधे कुणी नसतं. सव्वीस वर्षं ते दृश्य मी बघत आले होते आणि समजत होते की चित्रं बघायला तशी उभी राहतात माणसं.

शेवटी आडून आडून अपोलीनला विचारलं. म्हटलं, सातव्या खोलीचा पाठ म्हणून दाखव बघू, तुझा कुठवर आलाय ते बघू. तिनं तिकीट खिडकीतच, तिकिटांची गुंडाळी बदलता बदलता म्हणायला सुरुवात केली. बावीस मीटर लांबी, पाच खिडक्या, समोर चौदा चित्रं. त्याच्या आधी, सगळ्यात आधी, ती म्हणाली, "जरा भिंतीकडे सरकता का, मधली वाट मोकळी ठेवा." आणि गप्प झाली. ओठ बारीक हलत होते. आठ मोजून "आभारी आहे" म्हणाली आणि पुढे गेली.

मी विचारलं, हे का म्हणतो आपण?

"मला काय माहीत? तुम्हीच रोज म्हणता. मला वाटलं जुनी जमीन आहे, मधे वजन नको म्हणून असेल." मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्हीसुद्धा सरकता की. दारासमोरून बाजूला होता, त्या लाल झग्यातल्या बाईच्या चित्राखाली. मीही तसंच करायचं ना?"

माझ्या मनात पाल चुकचुकली, पण अपोलीनसमोर चेहरा सरळ ठेवला. शिकवायला उपयोगी पडेल असं सांगून तिला पुढच्या फेरीत फोनवर सगळं रेकॉर्ड करायला लावलं.

मंगळवारी, सुट्टीच्या दिवशी, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी ते ऐकलं. बाहेर लख्ख ऊन होतं, माळी पानं गोळा करत होता. माझा आवाज आला. अगदी माझाच, जरा नाकातला. सरका म्हणाले. पावलांची सरकासरक झाली, कुणीतरी खोकलं, मग शांतता.

व्होमारच्या जमिनी मला पाठ आहेत. लांब दालनात तिसऱ्या खिडकीसमोरची मधली फळी पाय पडला की कुरकुरते, आणि पाचव्या खिडकीसमोरची जरा खालच्या आवाजात. भिंतीलगतच्या फळ्या कधीच वाजत नाहीत. त्या आठ आकड्यांत, सगळी माणसं भिंतीला लागून गप्प उभी असताना, आधी तिसरी फळी वाजली. मग पाचवी.

मी ते चार वेळा ऐकलं. मग उठून कॉफी केली. लाकूड आहे, वजन उतरलं की उशिरा वाजतं, असं स्वतःला सांगितलं. ते खोटंही नाही. वाजतं तसं.

४

मला धास्ती फळ्यांची नव्हती. तोंडातून वाक्यं निघून जातात आणि मला पत्ता नसतो, याची होती. म्हणून मुलँ शहरातल्या डोक्याच्या डॉक्टरांकडे गेले. अपोलीनला दाताचं कारण सांगितलं.

डॉक्टर तरुण होते, माझ्या भाच्याच्या वयाचे. त्यांनी पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, शंभरातून सात सात वजा करायला लावले, कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाले. आईनं त्या घड्याळात सगळे आकडे एका बाजूला कोंबले होते. तो कागद अजून माझ्या कपाटात आहे. माझं घड्याळ गोल आलं आणि काटे जागच्या जागी. डॉक्टरांनी यंत्रातले फोटोही काढून बघितले. मग म्हणाले, "तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. जित्याची खोड आहे ही. मीसुद्धा दिवसाला चाळीस वेळा 'खोल श्वास घ्या' म्हणतो, परवा जेवताना बायकोला म्हणालो."

जीव भांड्यात पडला. गाडी पार्किंगमध्ये तशीच ठेवून मी समोरच्या हॉटेलात शिरले आणि भरदुपारी वाइनचा पेला मागवला. एरवी एकटी मी असं करत नाही.

तिथे बसल्या बसल्याच सगळं उलगडलं. ल्युसियेनबाईंच्या घोळक्यात शेपटाला उभी होते तेव्हा पहिल्याच दिवशी मीही भिंतीला टेकले होते, हे आठवलं. खिडकीच्या कठड्याचा गारवा पाठीला लागला होता. म्हणजे हे वाक्य त्यांचं. त्यांच्या काळात कुणी मोलकरीण बादली घेऊन मधून जात असेल, किंवा मालकीणबाईच राहत असतील तेव्हा, त्यांच्यासाठी वाट ठेवायची असेल. बाई गेल्या, बादली गेली, वाक्य राहिलं. त्यांच्या तोंडून माझ्या तोंडात आलं आणि माझ्या तोंडून त्या निळ्या केसांच्या पोरीच्या. यात वेड कसलं आलंय?

आणि वाक्य बिनकामाचं असेल तर काढून टाकलेलं बरं. निदान मला माझ्या जिभेवर माझी सत्ता आहे हे बघायचं होतं. तेवढ्यासाठीच खरं तर.

पण ते सोपं गेलं नाही. पहिल्या दिवशी फेरीनंतर अपोलीनकडे बघितलं तर तिनं मान हलवली. "म्हणालात." दुसऱ्या दिवशीही "म्हणालात." तिसऱ्या दिवशी मी गालाच्या आत दात रोवून उभी राहिले, तोंडात रक्ताची चव आली, तरी तिचं तेच, "म्हणालात." अपोलीनला गंमत वाटत होती. म्हणाली, एक दिवस तोंडाला चिकटपट्टी लावून बघू या. मीही हसले.

५

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी, दुपारी तीनला, क्लेरमाँची मंडळी आली. सोळा जणं. फाबियेनबाईंना मी आधीच सांगितलं की सातव्या खोलीतलं ते वाक्य आता काढलंय.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "माझी एक अडचण कमी."

त्या दिवशी काम वेगळंच झालं. एक वाक्य बोलायचं, हात थांबेपर्यंत थांबायचं, मग दुसरं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी माझा पाठ ऐकत होते. किती फालतू आहे तो! राजाच्या विनोदावर मंडळी हसली ती तोंडानं कमी आणि खांद्यांनी जास्त. पहिल्या रांगेत आस्तिये नावाचे एक निवृत्त सुतार होते. छताकडे बोट दाखवून त्यांनी हातांनी काहीतरी झणझणीत सांगितलं. फाबियेनबाईंनी त्याचं बोलणं केलं. "ते म्हणतात, ही तुळई नंतर बदललीय आणि बदलणाऱ्याला काम येत नव्हतं." खरं आहे ते, आणि आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

तिसऱ्या खोलीत एका बाईला मागच्यांना बोलवायचं होतं, तर तिनं जमिनीवर दोनदा पाय आपटला. सगळ्या माना वळल्या. मी दचकले. फाबियेनबाई म्हणाल्या, लाकडी जमीन असली की ही मंडळी एकमेकांना अशीच हाक मारतात, तळव्यांना कळतं.

मग आम्ही लांब दालनात आलो. मी मागचं दार कुलूप लावून बंद केलं, किल्ली फिरल्याचा आवाज ऐकला, मंडळींना ओलांडून पुढच्या दाराशी गेले आणि पाठ लावून उभी राहिले. फाबियेनबाई माझ्या उजव्या हाताला. सगळ्यांना त्यांचे हात दिसायला हवेत, म्हणून मंडळी अर्धगोल करून उभी राहिली होती, दालनाची सगळी रुंदी व्यापून. मधे बोटभर वाट नव्हती.

वाक्य जिभेवर आलं. मी ते येताना बघितलं, आणि गिळलं.

"या दालनाची लांबी बावीस मीटर आहे," मी म्हणाले. फाबियेनबाईंचे हात चालू झाले. माझ्या जिभेवर माझी सत्ता होती. मला फार बरं वाटलं, हे खोटं सांगत नाही.

तिसरी फळी वाजली.

सर्वात मागे लाल मफलरवाली एक मुलगी होती. तिनं खाली आपल्या पायांकडे बघितलं. मग मागे वळून. तिच्या शेजारचा माणूस वळला. मग त्याच्या पुढची दोघं. रांगेमागून रांग माना मागे वळत गेल्या. कुणी हाक मारली, असं ते एकमेकांना विचारत होते. मला खुणा येत नाहीत, पण तेवढं कुणालाही कळलं असतं. मागे कुणी नव्हतं. बंद दार होतं आणि खिडक्यांतून आलेल्या उन्हाचे पट्टे.

आणि मग ते सरकले. घाबरून नाही. दुकानात कुणी पुढे जायला निघालं की आपण बोलणं न थांबवता अर्धं पाऊल बाजूला होतो, तसे. लाल मफलरवाली डावीकडे, तिच्या पुढचा माणूस उजवीकडे. भांग पाडावा तशी मधून वाट पडत माझ्याकडे येत होती. आस्तिये शेवटी सरकले. सरकताना त्यांनी किंचित मान लवून टोपी काढली.

पाचवी फळी वाजली. फाबियेनबाईंचे हात हवेत होते. "माफ करा हं," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, कुणाला ते न बघता, आणि माझ्यापासून एक पाऊल लांब झाल्या.

मी हलले नाही. हलायचं ते वाक्याबरोबर होतं, आणि वाक्य मी गिळलं होतं. माझ्या मागे दार होतं. आपण मान खाली घालून काही लिहीत असलो आणि टेबलापलीकडे कुणी येऊन उभं राहिलं, तर मान वर न करताही कळतं. तसं कळलं. माझ्या बुटांच्या पुढची फळी जरा दबली. मी त्याच फळीकडे बघत होते. जुना ओक आहे, दोन स्क्रू आहेत, त्यातला डावा सैल झाला आहे. कमरेच्या किल्ल्या एकदा वाजल्या.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. आठाच्या पुढे नक्कीच.

मग मी सव्वीस वर्षं जे केलं तेच केलं. चौदा चित्रांचं सांगितलं. वळले, दाराला किल्ली लावली, उघडलं, आणि पुढे झाले. गाइडनं आधी जायचं, मागून बाकीच्यांनी यायचं, ही रीतच आहे.

६

अंगणात मंडळी बसची वाट बघत उभी होती. फोटो काढणं चाललं होतं, कुणीतरी सफरचंदं वाटत होतं. फाबियेनबाई आणि आस्तिये जरा बाजूला उभे होते. म्हातारा काहीतरी सांगत होता आणि बाई माझ्याकडे पाठ करून त्याचे हात बघत होत्या. मी जवळ गेले, निरोप घ्यायला.

त्यानं डावा हात आडवा धरला, जमिनीसारखा. उजव्या हाताचं एक बोट उभं केलं आणि ते कोपरापासून मनगटाकडे सावकाश चालवत आणलं. एकच बोट. मनगटाशी आल्यावर ते थांबलं. मग डाव्या हाताचंच एक बोट त्यानं त्याच्यासमोर उभं केलं आणि हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. दोन बोटं समोरासमोर, मधे जागा नाही. बराच वेळ त्यानं ती तशीच धरून ठेवली. मग माझं बोट वळलं आणि चालायला लागलं. दुसरं बोट त्याच्यामागे, अगदी लागून. हात संपला तरी ती दोन बोटं हवेत चालत राहिली. फाटकाच्या दिशेनं. शेवटी त्यानं भुवया वर केल्या, काहीतरी विचारल्यासारख्या.

फाबियेनबाईंनी मान खाली घातली.

"काय म्हणतात ते?" मी विचारलं.

त्या माझ्याकडे वळल्या. आपल्या कामात त्या पक्क्या आहेत. दिवसभर त्या म्हाताऱ्याचा एक शब्द त्यांनी सोडला नव्हता, तुळईच्या शिवीसकट. "ते म्हणतात, गढी छान आहे," त्या म्हणाल्या.

बस आली. आस्तियेंनी माझा हात हातात घेतला. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, खांद्याच्या जरा वर, मागे होती. तिथेही त्यांनी एकदा मान लववली आणि बसमध्ये चढले.

७

नोव्हेंबरात मला साठ पूर्ण झाली. डॉक्टरांकडे पुन्हा गेले, माझ्याच आग्रहानं. घड्याळ काढलं, काटे बरोबर लावले, पाचही शब्द सांगितले. डॉक्टर म्हणाले, तुमचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं आहे, कशाला येता? खरं सांगायचं तर काहीतरी सापडेल, अशी मला आशा होती.

फेऱ्या आता बहुतेक अपोलीनच करते. मी तिकीट खिडकीवर बसते. घर अजून माझ्याकडेच आहे, तेवढं गढीच्या कचेरीतल्या वरच्यांनी मान्य केलं. एकदा तिच्या घोळक्याच्या शेपटाला मी जाऊन उभी राहिले. सातव्या खोलीत ती म्हणाली, "जरा भिंतीकडे सरकता का, मधली वाट मोकळी ठेवा," आणि लाल झग्यातल्या बाईखाली जाऊन उभी राहिली. सगळे सरकले. मीही कठड्याला टेकले. आठ आकडे झाले. एकही फळी वाजली नाही. मधली वाट नुसती मोकळी पडली होती. "आभारी आहे," अपोलीन म्हणाली.

नंतर मी तिला म्हटलं, ते वाक्य काढून टाकलंस तरी चालेल आता. ती म्हणाली, "असू दे की, बाई. सवय झालीय." पोरगी शहाणी आहे.

माझ्या घरी स्वयंपाकघर आणि झोपायच्या खोलीच्या मधे एक बोळ आहे, एका माणसापुरता. जमीन फरशीची आहे, फरशी वाजत नाही. सकाळी कॉफीचा पेला घेऊन मी तिथे येते, भिंतीला पाठ लावते, पोट आत घेते आणि ते वाक्य म्हणते. मोठ्यानं, सगळं, एक शब्द न गाळता. कुणी ऐकलं तर आईवर गेली म्हणतील. मग आठपर्यंत मोजते. हल्ली वीसपर्यंत मोजते.

मी वाट देते. पुढे कुणी जात नाही.